शांत कोपऱ्याची जागा आधी ठरवा
विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी मैदान आखताना झोके आणि घसरगुंड्या निवडण्याआधी शांत कोपऱ्याची जागा निश्चित करावी. आवाज आणि गर्दी असह्य झालेल्या मुलाला, विशेषतः स्वमग्न मुलाला, थोडा वेळ बाजूला होता यावे, पण इतरांचा खेळ त्याच्या नजरेआड होऊ नये, म्हणून हा कोपरा तीन बाजूंनी आडोसा असलेला आणि मैदानाकडे उघडणारा असावा. तो पार कडेला ढकलणे म्हणजे त्या मुलाला खेळातून वगळणेच होय. तिथवरची वाट वाळूची किंवा सुट्या खडीची नको, कारण तीत व्हीलचेअरची चाके रुततात, आणि रॅम्पचा उतार १:१२ पेक्षा (एक फूट उंचीसाठी बारा फूट लांबी) तीव्र नसावा. वाळूत खेळण्यासाठीचे उंच टेबल खालून मोकळे ठेवल्यास व्हीलचेअरवरील मुलाचे गुडघे आत मावतात आणि हात वाळूपर्यंत पोहोचतात.