जपानमधल्या मराठा पलटणीचा जुना फोटो कसा तपासावा

घरातल्या अल्बमात ‘तोक्यो, १९४५’ असं लिहिलेला फौजी फोटो सापडला, तर आधी सालावर शंका घ्या. दुसऱ्या महायुद्धात जपान हरल्यावर दोस्तांच्या फौजा तिथे ताबा ठेवून होत्या, त्यांत ब्रिटिशांच्या हिंदी तुकड्याही होत्या. पण १९४५ मध्ये शरणागतीनंतर तोक्यो अमेरिकनांच्या ताब्यात होतं. फर्स्ट मराठा (मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन) २६८ हिंदी ब्रिगेडबरोबर जपानला पोचली ती १९४६ मध्ये, आणि १९४७ मध्ये भारतीय तुकड्या परतल्या. त्यांचा मुक्काम तोक्योपासून दूर, पश्चिम जपानात. राजधानीत त्या पाळीपाळीने पहाऱ्याला जात.

फोटो काळ्या पानाला चिकटला असेल तर ओढू नका, पाणी तर अजिबात लावू नका. अख्खं पान फ्लॅटबेड स्कॅनरवर ठेवा: लहान प्रिंट १२०० डीपीआय, मोठी ६०० (डीपीआय म्हणजे दर इंचाला ठिपके), फाइल टिफ (TIFF) प्रकारची. फ्रेमच्या काचेला चिकटला असेल तर काचेसकट स्कॅन करा. सुटा असेल तर मागची बाजूही घ्या; शिक्का, क्रमांक तिथेच सापडतात. मागे काही लिहायचंच तर मऊ पेन्सिलीने, बॉलपेनने नाही.

मग फोटो आरशातल्यासारखा उलटा छापलेला नाही ना, ते बघा. पदकाच्या फिती छातीच्या डाव्या बाजूला हव्यात. अमेरिकन जीपचं स्टिअरिंगही डावीकडे हवं. जपानी पाटीवर मात्र भिस्त ठेवू नका: तेव्हा आडव्या पाट्या बऱ्याचदा उजवीकडून डावीकडे लिहीत, आणि ‘तोक्यो’ची दोन्ही अक्षरं आरशातही जवळपास तशीच दिसतात. इंग्रजी पाटी असेल तर प्रश्नच मिटला.

जागेसाठी मागची इमारत बघा. राजवाड्याच्या खंदकासमोर जाड चौकोनी खांबांची इमारत म्हणजे अमेरिकन सेनापती मॅकआर्थरचं मुख्यालय, दाई-इची इमारत. पायऱ्यापायऱ्यांचं शिखर म्हणजे संसद. गोलाई घेतलेल्या कोपऱ्यावर घड्याळाचा मनोरा म्हणजे तोक्योतली गिन्झा बाजारपेठ. यातलं काहीच नसेल तर ‘जपान’ एवढंच लिहून ठेवा.

माणसांच्या बाबतीत सगळ्यात जास्त घोळ टोपीने होतो. शीख पगडी दिसली तर बहुधा त्याच ब्रिगेडमधली ५/१ पंजाब (पहिल्या पंजाब रेजिमेंटची पाचवी बटालियन). रुंद काठाची फेल्ट हॅट म्हणजे २/५ गुरखाच (पाचव्या गुरखा रेजिमेंटची दुसरी बटालियन, तीही याच ब्रिगेडमधली), असं नाही. ऑस्ट्रेलियनही तसलीच घालत. बिल्ल्यावर अशोकस्तंभाचे सिंह असतील तर फोटो १९५० नंतरचा, जपानचा नाहीच.

ऑस्ट्रेलियन वॉर मेमोरियल आणि इम्पीरियल वॉर म्युझियम यांचे संग्रह ऑनलाइन चाळता येतात. ‘मराठा’ जुन्या स्पेलिंगने टाका, मधे एच आणि दोन टी: Mahratta. सैनिक क्रमांक मिळाला तर गाव आणि पूर्ण नावासह बेळगावच्या मराठा रेकॉर्ड ऑफिसला लिहा. सोबत प्रत जोडा, मूळ फोटो पाठवू नका.