खण आळीसारखी पेठ वाहनमुक्त कशी करावी

साताऱ्यात पायी चालणाऱ्यांसाठी रस्ता मोकळा करण्याचा विषय निघाला की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर मोती चौक ते राजवाडा हा भाग येतो. परंतु राजवाड्यापाशी बसस्थानक असल्याने एसटीच्या मार्गांना हात न लावता तेथे काही करणे अवघड आहे. म्हणून सुरुवात खण आळीसारख्या अरुंद, खरेदीच्या गर्दीच्या पेठेपासून करावी, कारण तेथे लोक चालतच फिरतात आणि शहर ओलांडणाऱ्या वाहनांसाठी राजपथ व कर्मवीर पथ उपलब्ध आहेत.

पहिले काम मोजणीचे. एक साधा दिवस आणि एक सणाच्या आधीचा दिवस निवडून दर तासाला किती माणसे चालत गेली, किती दुचाकी आत शिरल्या आणि किती उभ्या होत्या, याची नोंद करावी. उभ्या दुचाकी सकाळपासून तिथेच आहेत की तासाभरात हलतात, हेही लिहावे. दुकानाच्या पायरीला लागून बाजूच्या स्टँडवर तिरकी उभी केलेली एक दुचाकी हँडलसकट जवळजवळ मीटरभर जागा खाते, आणि पिशव्या घेतलेल्या आजींना तेवढ्यासाठी रस्त्याच्या मधोमध यावे लागते. अशा गाड्यांपैकी दिवसभर न हलणाऱ्या गाड्या दुकानांतल्याच लोकांच्या निघाल्या, तर गिऱ्हाईक तुटण्याच्या भीतीवर आकड्यांनिशी बोलता येते.

त्यानंतर व्यापाऱ्यांशी बसून मालाची वेळ ठरवावी. माझ्या मते सगळ्या योजनेचे यश या एका बैठकीवर अवलंबून असते. टेम्पो सकाळी 10 च्या आत येऊन जावेत, नंतर आलेला माल पेठेच्या तोंडाशी उतरवून हातगाडीने आत न्यावा, असे ठरले तर दिवसभराची बंदी व्यापाऱ्यांना जाचक वाटणार नाही. दिल्लीच्या चांदणी चौकात 2021 मध्ये नूतनीकरण झाल्यावर सकाळी 9 ते रात्री 9 अशीच वेळेची मर्यादा घालण्यात आली.

अर्ज नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांना आणि पोलिसांच्या वाहतूक शाखेला एकाच दिवशी द्यावा. त्यासोबत नकाशा, मोजणीचे तक्ते आणि दुकानदारांच्या सह्या जोडाव्यात. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 115 नुसार वाहनांवर निर्बंध घालता येतात, आणि निर्बंध एक महिन्याहून अधिक नसेल तर राजपत्रातील अधिसूचना लागत नाही, स्थानिक प्रसिद्धी पुरते. त्यामुळे पहिली मागणी एका महिन्याच्या प्रयोगाचीच करावी. पुणे महापालिकेने लक्ष्मी रस्त्यावर 11 डिसेंबर 2021 रोजी पादचारी दिन केला, तो तर एकाच दिवसाचा होता.

सातारा अजिंक्यताऱ्याच्या उतारावर वसलेला आहे, हे वाहनतळ ठरवताना विसरता कामा नये. नकाशावर जवळ दिसणारी जागा चढामुळे वृद्धांना दूर पडते. म्हणून पेठेच्या दोन्ही टोकांना रिक्षाथांबा आणि आत बसण्यासाठी बाके हवीत. आत राहणाऱ्या कुटुंबांना पास द्यावेत, आणि रुग्णवाहिका व अग्निशमन बंब यांच्यासाठी मधला साडेतीन ते चार मीटरचा पट्टा कायम मोकळा ठेवावा. तेथे मांडव किंवा फलक कोणालाही लावू देऊ नये. मोकळ्या झालेल्या जागेवर फेरीवाले येणारच. त्यांना हुसकावण्यापेक्षा 2014 च्या पथविक्रेता कायद्यानुसार नगर पथविक्रेता समितीमार्फत त्यांच्या जागा आखून घेणे न्यायाचे आणि टिकाऊ आहे.

प्रवेशावर काढता येणारे खांब लावावेत. चाकाची खुर्ची जाईल एवढी फट ठेवली की तीतून दुचाकीही जाते, म्हणून निदान पहिला महिनाभर दोन्ही तोंडांशी माणूस उभा असलाच पाहिजे.

महिना संपल्यावर तीच मोजणी पुन्हा करावी आणि विक्रीची तुलना मागच्या महिन्याशी न करता मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करावी, अन्यथा सणाची उलाढाल हिशेब चुकवते. निकाल समाधानकारक असेल तरच कायमच्या बंदीचा आणि फरशीचा प्रस्ताव मांडावा, आणि फरशी बसवण्यापूर्वी गटारे, जलवाहिन्या व केबल यांची कामे उरकून घ्यावीत, म्हणजे नवी फरशी पुन्हा उकरावी लागणार नाही.