गाडीत बदल केलाय? विमा रिन्यू करण्याआधी हे वाचा

गेल्या नोव्हेंबरात नागपूरजवळ वर्धा रोडवर, बुटीबोरीच्या अलीकडे, आमच्या उभ्या गाडीला मागून ट्रकने ठोकलं. माणसं सुखरूप राहिली. डिकी मात्र पार आत गेली आणि सीएनजी सिलिंडरची चौकट वाकली. गॅरेजमध्ये विमा कंपनीचा नुकसान तपासणारा सर्व्हेअर आला, डिकीत वाकून पाहिलं, हातातली पॉलिसी चाळली आणि म्हणाला, "भाऊ, किट तर दिसून राहिलं, मग पॉलिसीत काहून नाही?"

किट आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपुस्तकावर, चढलेलं होतं. आधीच्या वर्षीच्या विम्यातही रीतसर होतं. पण जूनमध्ये तीन हजारांनी स्वस्त मिळते म्हणून मी दुसऱ्या कंपनीची पॉलिसी मोबाइलवर पाच मिनिटांत घेतली. 'बाहेरून बसवलेलं सीएनजी किट आहे का' या प्रश्नापुढे आधीच 'नाही' निवडलेलं होतं, ते मी तसंच राहू दिलं. पुढे तीन महिने हेलपाटे. शेवटी कंपनीने दावा नॉन-स्टँडर्ड, म्हणजे अटींत पूर्ण न बसणारा, धरून एक चतुर्थांश रक्कम कापली, आणि किट-सिलिंडरच्या नुकसानीचा एक रुपयाही दिला नाही. म्हणून ही यादी.

सुरुवात गाडीभोवती एक चक्कर मारून करा. गाडी कारखान्यातून निघाल्यावर तिच्यात काय काय वाढलं ते वहीत लिहा. शोरूमवाल्याने डिलिव्हरीच्या दिवशी बसवून दिलेल्या वस्तूही यात येतात, कारण त्या कंपनीच्या छापील किमतीत धरलेल्या नसतात. यादीचे तीन भाग करा, प्रस्ताव अर्जातही तेच तीन रकाने असतात. म्युझिक सिस्टीम, कॅमेरा, फॉग लॅम्प हे इलेक्ट्रिकल. अलॉय चाकं, सीट कव्हर, छतावरचं कॅरिअर हे नॉन-इलेक्ट्रिकल. सीएनजी किंवा एलपीजी किट तिसरं. प्रत्येकापुढे किंमत आणि बिल. बिल नसेल तर दुकानदाराकडून आजच दुसरी प्रत घ्या, अपघातानंतर ते कोणी देत नाही.

आता या यादीतल्या काही गोष्टी विमा कंपनीला सांगून उपयोग नाही, त्या काढायच्याच. पुढचा लोखंडी बुल बार: केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच तो बंद करायला राज्यांना सांगितलं आहे, कारण पादचाऱ्याला जबर लागतो आणि धडकेचा जोर गाडीच्या सांगाड्यात चुकीच्या जागी जातो. काळी फिल्म: सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये बंदी घातली. नागपूरचं मे महिन्याचं ऊन मला माहीत आहे, तरीही. कर्कश सायलेन्सर: काढा. आणि गाडीचा रंग बदलणार असाल तर आधी आरटीओ, कारण रंग आरसीवर लिहिलेला असतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ या बदलांबद्दलच आहे. २०१९ च्या दुरुस्तीपासून परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलामागे मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. विमा कंपनीला प्रामाणिकपणे कळवलं म्हणून बेकायदा बदल कायदेशीर होत नाही.

सीएनजीचं मात्र सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडे हा बदल उशिरा आला आणि अजून बरेच जण करून राहिले आहेत. किट तुमच्या मॉडेलसाठी मंजूर असलेलंच हवं आणि बसवणारं केंद्र अधिकृत हवं. पाच-सात हजार वाचवायला रस्त्यावरच्या मिस्त्रीकडे जाऊ नका, इथे गॅस आहे. सिलिंडरला पेसोची मान्यता लागते. ही संस्था म्हणजे स्फोटकं आणि पेट्रोलियमच्या सुरक्षेचं केंद्र सरकारचं खातं. त्याचं मुख्यालय आपल्याच सेमिनरी हिल्सवर आहे, तरी सिलिंडरचं प्रमाणपत्र न मागता गाडी घरी आणणारे मी पाहिले आहेत. केंद्रातून निघताना एवढं हातात हवं: जीएसटीचं बिल, किटच्या मंजुरीची प्रत, बसवल्याचा दाखला, सिलिंडरचं प्रमाणपत्र. सिलिंडरवर कोरलेल्या नंबरचा फोटो तिथेच काढा आणि कागदावरच्या नंबराशी ताडून पाहा. सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची तपासणी, दर तीन वर्षांनी करावी लागते, तिची तारीखही लिहून ठेवा.

मग आरटीओ. गाडीवर कर्ज असेल तर आधी बँकेचं संमतिपत्र, याला वेळ लागतो. एमएच-३१, ४९ की ४०, ज्या कार्यालयाची नोंदणी असेल तिथे गाडी दाखवून आरसीवर इंधन 'पेट्रोल/सीएनजी' करून घ्या. आणि इथेच बहुतेकांची चूक सुरू होते: आरसी बदलली म्हणजे विमा कंपनीला आपोआप कळलं, असं वाटतं. कळत नाही. ते वेगळं काम आहे आणि ते तुम्हालाच करायचं आहे.

किट बसवलं त्याच दिवशी कंपनीच्या अधिकृत ईमेलवर कळवा, आरसी हातात येण्याची वाट पाहू नका. मजकूर साधा ठेवा: "माझ्या अमुक क्रमांकाच्या गाडीत अमुक तारखेला सीएनजी किट बसवलं आहे, किंमत इतकी, बिल सोबत जोडलं आहे. पॉलिसीत नोंद करून जादा हप्ता कळवावा. आरसी मिळताच प्रत पाठवतो." एजंटला फोन करणं म्हणजे कळवणं नव्हे. आमचे एजंट काका सज्जन आहेत, वीस वर्षांची ओळख आहे, पण त्यांचं "हो, करून देतो" हे पॉलिसीवर छापून येत नाही. एन्डॉर्समेंटचा, म्हणजे पॉलिसीत बदलाची नोंद झाल्याचा, कागद हातात आला की काम झालं.

हप्ता किती वाढतो, याची भीती अनाठायी आहे. जुन्या टॅरिफप्रमाणे, म्हणजे विम्याच्या ठरलेल्या दरपत्रकाप्रमाणे, किटच्या किमतीच्या ४ टक्के, आणि थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीच्या) भागात ६० रुपये. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे दर २००७ पासून कंपन्या आपापले ठरवतात, त्यामुळे थोडा फरक पडेल. ५० हजारांचं किट धरलं तर २,०६० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २,४३० च्या आसपास. एवढ्यासाठी कोणी लपवाछपवी करू नये. उलट एक बदल असा आहे की कळवलं तर हप्ता कमी होतो: अपंग व्यक्तीसाठी खास बदललेली आणि आरसीवर तशी नोंद असलेली गाडी. टॅरिफमध्ये तिला स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात ५० टक्के सूट आहे. आमच्या गल्लीतल्या एका ताईंच्या गाडीला पायाऐवजी हाताने चालणारा ब्रेक आहे. त्यांना हे कित्येक वर्षं कोणी सांगितलं नव्हतं.

आता मुख्य गोष्ट. रिन्यू करताना पुन्हा सांगा. गेल्या वर्षी सांगितलं होतं, एन्डॉर्समेंट झाली होती, कागद फाइलमध्ये आहे, हे सगळं खरं असलं तरी पुन्हा सांगा. पॉलिसी एका वर्षाचा करार असते. कंपनी बदलली तर नव्या कंपनीला तुमच्या जुन्या एन्डॉर्समेंटची काहीच माहिती नसते. तीच कंपनी असली तरी एजंटने घाईत नवा कोटेशन काढला की किटचा रकाना कोरा राहू शकतो. वेबसाइटवर गाडीचा नंबर टाकला की मॉडेल, वर्ष, जुना बोनस भराभर समोर येतं आणि वाटतं की त्यांना सगळं ठाऊक आहे. मला तसंच वाटलं होतं. किटचा प्रश्न त्याच पानावर खाली असतो आणि तो तुम्हालाच 'हो' करावा लागतो.

हे असं करा. मुदत संपण्याच्या तीन आठवडे आधी जुनी पॉलिसी काढून शेजारी ठेवा. पहिल्या पानावर आयडीव्हीची (विमा उतरवलेल्या किमतीची) आडवी ओळ असते: गाडी, नॉन-इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रिकल, सीएनजी/एलपीजी किट, एकूण. नव्या कोटेशनमध्ये हीच ओळ बोट ठेवून वाचा. घसाऱ्यामुळे किटची किंमत दर वर्षी कमी होईल, पण तिथे शून्य दिसलं तर पैसे भरू नका. मग थर्ड पार्टीच्या हप्त्याखाली बाय-फ्युएल (दोन इंधनांच्या) किटचे ६० रुपये शोधा. ती ६० रुपयांची ओळ नसेल तर तुमचं किट पॉलिसीत नाही, एजंट काहीही म्हणो. पैसे भरल्यावर पीडीएफ येईल, ती त्याच रात्री उघडा आणि पुन्हा तीच ओळ वाचा. मी नुसती डाउनलोड केली होती, पाच महिने उघडली नव्हती. उघडली असती तर एका ईमेलमध्ये दुरुस्त झाली असती. चूक दिसली तर लगेच कळवा, अपघातानंतर केलेली दुरुस्ती झालेल्या नुकसानीला लागू होत नाही.

अलॉय चाकांचं, म्युझिक सिस्टीमचंही तेच, दर वर्षी पुन्हा. एक मात्र बघा: दिवे किंवा हॉर्नसाठी कंपनीची वायरिंग कापली असेल तर आधी नीट रिले घालून घ्या. ४५ अंशांत गाडी पेटली की सर्व्हेअर पहिल्यांदा कापलेली वायर शोधतो.

अपघात झालाच तर: सिलिंडरचा हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह बंद करा, लांब उभे राहा, फोटो काढा, कंपनीला त्याच दिवशी कळवा. सर्व्हेअर येईपर्यंत दुरुस्ती नको. सिलिंडर तपासून घेतल्याशिवाय गॅस भरू नका. दावा कापला तर कारण लेखी मागा, आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे, मग विमा नियामकाचं बीमा भरोसा पोर्टल, मग विमा लोकपाल किंवा जिल्हा ग्राहक आयोग.

माझी मुदत १४ जूनला संपते. २४ मेचा गजर मोबाइलवर लावून ठेवला आहे, आणि त्यावर एवढंच लिहिलं आहे: किटची ओळ बघ, ६० रुपये बघ.