लाइट गेली की उघड्या पडणाऱ्या चुका: लिनक्स सर्व्हिस सांभाळताना या टाळा

रावेरकडच्या एका केळी व्यापाऱ्याच्या ऑफिसातला उबंटू सर्व्हर मी भुसावळहून सांभाळतो. मे महिन्यात सकाळी सातला फोन आला: "भाऊ, रात्री लाइट गेल्ती. मशीन चालू झालं, पण बिल निघत नाही. गाड्या भरून उभ्या आहेत." तीन महिने सर्व्हरला कुणी हातही लावला नव्हता. चूक माझीच होती, तीन महिन्यांपूर्वीची. बिलिंगची सर्व्हिस (मागे सतत चालणारा प्रोग्रॅम) मी स्टार्ट केली होती, इनेबल केली नव्हती.

स्टार्ट म्हणजे आत्ता चालू कर. इनेबल म्हणजे मशीन उठेल तेव्हा चालू कर. डेबियन-उबंटूत पॅकेज टाकलं की सर्व्हिस बहुधा आपोआप इनेबल होते, म्हणून आपल्याला सवयच राहत नाही. स्वतः लिहिलेल्या सर्व्हिसला ती सोय नाही. 'सिस्टिमसीटीएल इनेबल --नाऊ' दोन्ही कामं एकदम करते. (आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्यात, टर्मिनलमध्ये इंग्रजी अक्षरांतच टाका.) सर्व्हिस फाइलमध्ये (सर्व्हिस कशी चालवायची ते लिहिलेली फाइल) 'इन्स्टॉल' विभाग आणि त्यात 'वाँटेडबाय' (बूटला कशासोबत सुरू व्हायचं ते सांगणारी) ओळ नसेल, तर इनेबल करूनही काही होत नाही.

याहून वाईट खोड एफएसटॅबची, म्हणजे बूटला कोणत्या डिस्क जोडायच्या त्या यादीच्या फाइलची. बॅकअपची यूएसबी डिस्क तिथे नोंदवली आणि कुणीतरी ती काढून नेली, तर पुढच्या बूटला सिस्टिमडी (लिनक्समध्ये सर्व्हिस सुरू करणारा आणि सांभाळणारा प्रोग्रॅम) दीड मिनिट वाट बघतं आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये, म्हणजे फक्त दुरुस्तीपुरत्या अवस्थेत, जाऊन बसतं. स्क्रीन-कीबोर्ड नसलेल्या मशीनवर म्हणजे संपलंच. त्यावर 'नोफेल' हा पर्याय सगळे सांगतात. पुढचं कुणी सांगत नाही: नोफेल टाकल्यावर डिस्क नसतानाही मशीन उठतं, आणि बॅकअप त्याच नावाच्या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे मुख्य डिस्कवरच, भरत राहतो. डिस्क भरली की डेटाबेस अडतो. म्हणून बॅकअपच्या सर्व्हिसमध्ये 'रिक्वायर्समाउंट्सफॉर' लिहून त्या फोल्डरचा पत्ता द्या. डिस्क जोडलेली नसेल तर सर्व्हिस चालणारच नाही. एफएसटॅब बदलल्यावर 'फाइंडमाउंट --व्हेरिफाय' चालवा, चुकीची ओळ तिथेच सापडते.

पॅकेजसोबत आलेली सर्व्हिस फाइल यूएसआर-लिब फोल्डरमध्ये असते. तिथे हात घालू नका, पुढच्या अपडेटला तुमचा बदल पुसला जाईल. 'सिस्टिमसीटीएल एडिट' वापरा. बदल ईटीसी फोल्डरमध्ये वेगळ्या फाइलीत राहतो. 'एक्झेकस्टार्ट' (कोणता प्रोग्रॅम चालवायचा ती ओळ) बदलायचं असेल तर आधी तीच ओळ बरोबरच्या चिन्हापर्यंत रिकामी लिहायची, मग खाली नवी. नाहीतर साध्या सर्व्हिसला दोन एक्झेकस्टार्ट आहेत म्हणून सिस्टिमडी ती नाकारतं. यात माझी एक अख्खी दुपार गेली आहे, तीही ४५ डिग्रीतली. फाइल एडिटरने हाताने बदलली असेल तर 'डेमन-रीलोड' (सिस्टिमडीला फाइली पुन्हा वाचायला लावणं) हवंच. तोवर रीस्टार्टला जुनीच फाइल चालते.

सर्व्हिस पडली की पुन्हापुन्हा रीस्टार्ट मारणं हा आपल्याकडचा आवडता इलाज. मूळ सेटिंगमध्ये दहा सेकंदांत पाचदा सुरू झाली की सिस्टिमडी पुढे सुरूच करू देत नाही. मग दुरुस्ती बरोबर असली तरी 'रीसेट-फेल्ड' (पडल्याची नोंद पुसणं) केल्याशिवाय किंवा थोडं थांबल्याशिवाय ती उठत नाही, आणि आपण बरोबर फाइलीतच चूक शोधत बसतो. त्याआधी 'जर्नलसीटीएल' ने सर्व्हिसच्या नोंदी वाचा. लाइट जाण्याआधीचं हवं असेल तर त्याच आज्ञेला 'वजा बी वजा एक' जोडा. त्यासाठी जर्नल, म्हणजे या नोंदींचा साठा, डिस्कवर साठायला हवा. वार-लॉगमध्ये जर्नल नावाचं फोल्डर नसेल, तर मूळ सेटिंगमध्ये तो मेमरीत राहतो आणि लाइटीबरोबर जातो.

राहिलं एसएसएच, म्हणजे दुरून मशीनमध्ये शिरायची सोय. दुरून सेटिंग बदलली तर आधी 'एसएसएचडी वजा टी' ने फाइल तपासा, मग रीस्टार्ट. चालू सेशन बंद न करता दुसऱ्या खिडकीतून आत जाता येतं का ते बघा. उबंटू २४.०४ वर पोर्ट (एसएसएच ज्या क्रमांकावर ऐकतं तो) बदलला असेल तर नुसती एसएसएच सर्व्हिस रीस्टार्ट करून भागत नाही. तिथे पोर्ट सर्व्हिसऐवजी सिस्टिमडीचं सॉकेट धरून बसलेलं असतं, म्हणून डेमन-रीलोड करून 'एसएसएच डॉट सॉकेट' रीस्टार्ट करायचं. हे मला माहीत नव्हतं तेव्हा मी भुसावळ-रावेर गाडीत उभ्याने गेलो होतो, एक ओळ बदलायला.