पोपचा अधिकार आणि चर्चमधली फूट: लिहिताना या चुका टाळा

परीक्षेच्या नोट्स उघडा, व्हॉट्सॲपवर फिरणारा लेख उघडा, एक वाक्य हमखास सापडतं: ‘१०५४ साली पोपच्या अधिकारावरून चर्चचे दोन तुकडे झाले.’ म्हणजे पश्चिमेचं रोमचं कॅथलिक आणि पूर्वेचं ग्रीक ऑर्थोडॉक्स. पाठ करायला सोपं आहे, म्हणूनच टिकलंय. त्यात एक तारीख, एक कारण आणि दोन तुकडे आहेत, आणि तिन्ही अर्धवट आहेत.

१०५४ ला ‘घटस्फोटाची तारीख’ समजणं

शनिवार, १६ जुलै १०५४. कॉन्स्टँटिनोपलच्या (आजचं इस्तंबूल, तेव्हा बायझंटाईन साम्राज्याची राजधानी) हागिया सोफिया चर्चमध्ये उपासना सुरू व्हायच्या बेतात होती. रोमहून आलेले तीन दूत आत शिरले: कार्डिनल हम्बर्ट, लोरेनचा फ्रेडरिक आणि अमाल्फीचा आर्चबिशप पीटर. त्यांनी वेदीवर एक पत्र ठेवलं, बाहेर येऊन पायांची धूळ झटकली आणि ‘देव पाहो आणि न्याय करो’ म्हणत चालते झाले. हा तपशील खुद्द हम्बर्टच्या वृत्तांतातला आहे.

बहुतेक लेखक इथे पडदा पाडतात. पत्रात काय होतं ते बघायची तसदी कोणी घेत नाही.

सवय एकच लावून घ्या. बहिष्काराची कुठलीही तारीख लिहिण्याआधी समासात तीन प्रश्न लिहायचे: कागद कोणी काढला, कोणाविरुद्ध, आणि कोणाच्या अधिकारात? हम्बर्टच्या पत्राला हे प्रश्न लावून बघा. कागद काढला दूतांनी. तो होता पॅट्रिआर्क (कॉन्स्टँटिनोपलचा धर्मप्रमुख) मिखाएल केरुलारियोस, पूर्वेकडच्याच ओह्रिडचा आर्चबिशप लिओ आणि त्यांच्या पाठीराख्यांविरुद्ध. साऱ्या पूर्वेकडच्या चर्चवर बहिष्कार नव्हताच; उलट राजधानीला आणि तिच्या नागरिकांना ‘ख्रिस्ती आणि शुद्ध श्रद्धेचे’ म्हणून गौरवलंय. तिसऱ्या प्रश्नाला मात्र पत्र लटकतं. ज्या पोप लिओ नवव्याने दूतांना पाठवलं, तो १९ एप्रिललाच वारला होता आणि नवा पोप अजून निवडलेला नव्हता. वेदीवरचा कागद मेलेल्या पोपच्या नावाचा होता; त्याला कायदेशीर वजन किती, यावर आजही वाद होतो. २४ जुलैला कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मसभेने उलट बहिष्कार घातला, तोही पोपवर नाही, पत्र लिहिणाऱ्यांवर.

आता कारण. अधिकाराचा प्रश्न खाली धुमसत होताच, पण भांडणात शाई खर्च झाली ती भाकरीवर. ओह्रिडच्या लिओने १०५३ मध्ये हल्ला चढवला तो लॅटिन लोक (रोमच्या बाजूचे) मिस्सेत, म्हणजे भाकर-द्राक्षारसाच्या उपासनेत, बेखमीर भाकर वापरतात म्हणून. ग्रीक खमिराची वापरत. हे ‘क्षुल्लक’ म्हणून गाळणाऱ्यांना त्या काळच्या सामान्य माणसाला काय टोचत होतं ते कधीच कळत नाही. पोपचा दावा खेड्यातल्या ग्रीक माणसाला ऐकूही येत नसे, पण वेदीवरची भाकर त्याला दिसत होती.

आणखी एक खड्डा. पत्रात ग्रीकांवर आरोप आहे की त्यांनी मतांगीकारातून (ख्रिस्ती श्रद्धेचा ठरलेला मजकूर) ‘पवित्र आत्मा पित्यापासून निघतो’ या ओळीतले ‘आणि पुत्रापासून’ हे शब्द खोडले. झालं होतं नेमकं उलट. ३८१ च्या मतांगीकारात ते शब्द नव्हतेच; पश्चिमेत ते मागाहून घातले गेले. नवव्या शतकाच्या सुरुवातीला पोप लिओ तिसऱ्याने त्या शब्दांविना मूळ मजकूर चांदीच्या पत्र्यांवर कोरून रोममध्ये लावला होता. रोमच्या मिस्सेत ते शब्द आले १०१४ मध्ये, म्हणजे हम्बर्टच्या आधी अवघी चाळीस वर्षं. पत्रातला आरोप तसाच उतरवून घेतला, तर हम्बर्टची चूक तुमच्या नावावर जमा होते.

मग फूट पडली कधी? तारीख नाही, उतार आहे. १०९५ मध्ये बायझंटाईन सम्राट पोप अर्बन दुसऱ्याकडे लष्करी मदत मागतो. घटस्फोट झालेल्या घरात असं मागणं जात नाही. सामान्य लोकांच्या मनात दार बंद झालं ते १२०४ मध्ये, चौथ्या क्रुसेडच्या (पश्चिमेच्या धर्मयुद्धाच्या) सैन्याने कॉन्स्टँटिनोपल लुटलं तेव्हा. एकच साल द्यायचं असेल तर १०५४ द्या, पण पुढे १२०४ लिहिल्याशिवाय पूर्णविराम देऊ नका.

७ डिसेंबर १९६५ ला पोप पॉल सहावे आणि पॅट्रिआर्क अथेनागोरस यांनी ते दोन्ही बहिष्कार मागे घेतले. ‘चर्च पुन्हा एक झालं’ असं लिहू नका. दोन्ही बाजू आजही एका वेदीवर कम्युनियन (मिस्सेतली पवित्र भाकर) घेत नाहीत.

‘पोप कधीच चुकत नाही’

ही दुसरी लाडकी चूक, आणि ती करणाऱ्यांत कॅथलिकही कमी नाहीत. पहिल्या व्हॅटिकन परिषदेने १८ जुलै १८७० ला ५३३ विरुद्ध २ मतांनी जे मंजूर केलं, त्याच्या अटी मोजून घ्या. पोप साऱ्या ख्रिस्ती लोकांचा मेंढपाळ आणि शिक्षक या नात्याने बोलत असला पाहिजे. आपला सर्वोच्च अधिकार वापरत असला पाहिजे. विषय श्रद्धेचा वा नीतीचा हवा. आणि ती शिकवण साऱ्या चर्चने धरून राहावी असं तो ठरवून सांगत असला पाहिजे. एक अट गळली की तत्त्व लागू नाही. विमानातल्या पत्रकार परिषदेला, राजकीय मताला, नेमणुकीला ते लागत नाही. पाप न करण्याशी तर त्याचा काडीचा संबंध नाही. पोपही पापस्वीकाराला जातो. १८७० नंतर या तत्त्वाखाली झालेली औपचारिक घोषणा एकच: १ नोव्हेंबर १९५०, मरियामातेचं स्वर्गारोहण, पोप पायस बारावे.

आणि ५३३–२ हा आकडा एकटा फेकू नका. पाचच दिवस आधीच्या चाचणी मतदानात ८८ जणांनी साफ विरोध केला होता आणि ६२ जणांनी दुरुस्त्यांच्या अटीवर होकार दिला होता. विरोधातले पुष्कळ बिशप पोपसमोर ‘नाही’ म्हणायला नको म्हणून अंतिम मतदानाआधीच रोम सोडून गेले.

घाईत निसटते ती खरी मेख वेगळीच आहे. १८७० च्या त्या दस्तऐवजात चार प्रकरणं आहेत. पोपच्या अचूकपणाचं हे तत्त्व चौथ्यात आहे, म्हणून सगळे तिकडेच धावतात. तिसऱ्यात म्हटलंय की पोपला साऱ्या चर्चवर पूर्ण, थेट अधिकार आहे, मधल्या कोणाच्या परवानगीविना. ऑर्थोडॉक्स लोकांचं मूळ दुखणं हेच. रोमला सन्मानाचा पहिला मान द्यायला ते तयार असतात; आपल्या बिशपांवर रोमचा हुकूम चालू द्यायला नाही. ‘पोपचा अधिकार’ हे शब्द लिहिताना मान, हुकमत, शिकवण की जमीन-जुमला यापैकी काय म्हणायचंय ते ठरवा. चारही एका पोत्यात भरले की पुढचा परिच्छेद फसलाच.

बाकीच्या, थोडक्यात

पोपचं अव्हिन्योंमधलं (आजच्या फ्रान्समधलं शहर) वास्तव्य (१३०९–१३७७) आणि पश्चिमेतली महाफूट (१३७८–१४१७) एक नव्हे. पहिल्यात पोप एकच होता, फक्त रोममध्ये नव्हता. दुसऱ्यात आधी दोन, मग १४०९ पासून तीन दावेदार झाले.

इंडल्जन्स म्हणजे पापाची क्षमा नव्हे. क्षमा झालेल्या पापाची उरलेली शिक्षा माफ. विक्रेत्यांनी हा फरक पुसला, म्हणून तर जर्मन धर्मसुधारक ल्यूथर भडकला.

इंग्लंडचा राजा आठव्या हेन्रीला प्रोटेस्टंट म्हणू नका. १५३४ मध्ये त्याने पोपची हुकमत तोडली, मिस्सा मात्र ठेवली.

पुण्या-मुंबईत भेटणारे केरळचे ऑर्थोडॉक्स १०५४ चे नव्हेत. त्यांचं घराणं ४५१ ची, ख्रिस्ताच्या देव-मानव स्वरूपाबद्दलची कॅल्सिडोनची परिषद न मानणाऱ्यांचं; म्हणजे तुकडे दोनच नव्हते. आणि कल्याणची सिरो-मलबार (केरळी कॅथलिकांची) धर्मप्रांत-व्यवस्था उपासनेने पूर्वेची असली तरी पोपच्याच छत्राखालची आहे. विधी वेगळा म्हणजे फूट, असं होत नाही.

शेवटची चूक आपल्या अंगणातली: प्रत्येक फूट धर्मतत्त्वावरून पडते असं धरून चालणं. मुंबईत १७९४ ते १९२८ एकाच शहरात कॅथलिकांवर दोन अधिकार चालले. काही चर्च पोर्तुगालच्या राजाच्या ‘पाद्रोआदो’ हक्काखाली गोव्याच्या आर्चबिशपकडे, काही रोमच्या ‘प्रोपगांडा’ने (मिशन सांभाळणारं खातं) नेमलेल्या व्हिकारकडे, म्हणजे पोपच्या प्रतिनिधीकडे. मतांगीकार तोच, मिस्सा तीच, पोपही दोघांना मान्य. भांडण होतं ते बिशप नेमायचा कोणी, याचं. १८३८ मध्ये रोमने गोव्याचा अधिकार छाटायला घेतला, तेव्हा गोव्याच्या बाजूने ‘हुकूम पोर्तुगालच्या राजामार्फत आलेला नाही’ म्हणून तो मानायचंच नाकारलं, आणि तरीही मिस्सेत पोपचं नाव घेणं सुरूच ठेवलं.