कऱ्हाड, मिरज, सातारा: इनस्क्रिप्ट कीबोर्ड बसवण्याची आणि शिकण्याची रीत

संगणकावर मराठी लिहिणारे अनेक जण इंग्रजी स्पेलिंग टाइप करून देवनागरी उमटवतात. चार ओळींच्या निरोपाला ते पुरते; परंतु ज्यांना ग्रामपंचायतीचे ठराव, सोसायटीचे इतिवृत्त किंवा बातम्या रोज लिहायच्या असतात, त्यांनी इनस्क्रिप्ट ही भारतीय लिप्यांसाठीची कळांची मांडणीच शिकावी, असे माझे मत आहे.

विंडोजमध्ये ही मांडणी आधीपासून असते. सेटिंग्जमध्ये भाषांच्या यादीत मराठी जोडावी. कीबोर्ड निवडताना ‘फोनेटिक’ सोडून साधा मराठी कीबोर्ड घ्यावा. त्यानंतर विंडोजची कळ दाबून धरून स्पेसबार दाबला, की भाषा बदलते.

इंग्रजी कळांचा क्वर्टी क्रम १८७४ साली अमेरिकेत विक्रीस आलेल्या शोल्स आणि ग्लिडन यांच्या टंकलेखन यंत्रापासून रूढ झाला, आणि त्यात वर्णमालेचा क्रम पाळलेला नाही. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये प्रमाणित केलेल्या इनस्क्रिप्टमध्ये मात्र स्वर व मात्रा डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला आहेत. म, न, व ही अक्षरे खालच्या ओळीत डावीकडे सापडतात, हा अपवाद सुरुवातीलाच लक्षात ठेवावा. क आणि ख एकाच कळेवर आहेत. ख साठी शिफ्ट दाबावी लागते.

सरावाला ‘सातारा’ हा शब्द फार सोयीचा आहे. एम, ई, एल, ई, जे, ई या कळा क्रमाने दाबताना उजवा आणि डावा हात आळीपाळीने चालतो, आणि या मांडणीचा वेग याच लयीतून येतो. पहिला आठवडा मात्र फक्त मधल्या ओळीला द्यावा: एफ आणि जे या कळांवरील उंचवट्यांवर तर्जनी ठेवून, खाली न पाहता, पोते, कोरे, तुरे, चुकते असे शब्द लिहावेत.

टंकलेखन यंत्रावर हात बसलेल्यांची अडचण वेगळी असते. यंत्रावर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी उमटवावी लागे. येथे ती उच्चाराप्रमाणे अक्षरानंतर येते. ‘मिरज’ लिहिताना आधी म, मग वेलांटी, म्हणजे सी, एफ, जे, पी. ही सवय मोडायला वेळ लागतो. टंकलेखनाची शासकीय परीक्षा द्यायची असल्यास तेथे कोणती मांडणी चालते, हे आपल्या संस्थेत आधी विचारून घ्यावे.

सर्वाधिक चुका ‘कऱ्हाड’ लिहिताना होतात. साधा र, हलन्त आणि ह जोडल्यास ह वर रफार चढतो आणि ‘कर्हाड’ असे चुकीचे रूप उमटते. त्यासाठी शिफ्टसह जे दाबून नुक्ता असलेला ऱ घ्यावा, डी दाबून हलन्त द्यावा आणि मग यू दाबून ह लिहावा. ‘साताऱ्याचा कंदी पेढा’ लिहितानाही हेच करावे. फक्त ह च्या जागी य येतो, जो पूर्णविरामाच्या उजवीकडील तिरप्या रेघेच्या कळेवर आहे.

जत तालुक्यात ज्यांना मराठीबरोबर कन्नडही लिहावी लागते, त्यांनी भाषांच्या यादीत कन्नड जोडून तिचाही इनस्क्रिप्ट कीबोर्ड निवडावा. तेथे के दाबले की कन्नड लिपीतील क उमटतो, एल दाबले की त.