नव्या मॉनिटरवर जुने गेम : चित्र बिघडल्यास काय करावे

इंदूरच्या जेल रोडवरून आणलेल्या नव्या मॉनिटरवर मुलांना आपल्या लहानपणीचे गेम दाखवायला जावे, तर पडदा काळा होतो किंवा ‘आउट ऑफ रेंज’ अशी सूचना येते. गेमने मागितलेले रिझोल्यूशन (चित्रातील आडव्या-उभ्या बिंदूंची संख्या) किंवा रिफ्रेश रेट (चित्र सेकंदाला किती वेळा नव्याने उमटते तो दर) मॉनिटरला पेलत नाही, एवढाच तिचा अर्थ. तेवढ्यावरून मॉनिटर परत नेण्याची घाई करू नये. प्रथम ऑल्ट आणि एंटर एकत्र दाबून पाहावे, कारण पुष्कळ गेम त्याने विंडोमध्ये उघडतात.

रंगांची तक्रार वेगळी असते. 1999 सालचा ‘एज ऑफ एम्पायर्स 2’ केवळ 256 रंगांवर चालतो आणि ती रंगपट्टी विंडोजने मध्येच बदलली, की हिरवे गवत जांभळे दिसू लागते. त्यासाठी गेमच्या फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधील कंपॅटिबिलिटी या भागात रंग कमी करण्याचा पर्याय निवडावा. तेवढ्याने भागले नाही, तर डायरेक्टड्रॉचे, म्हणजे विंडोजमधील चित्र काढण्याच्या जुन्या व्यवस्थेचे, काम नव्या ग्राफिक्स कार्डाला समजेल अशा रीतीने करून देणारे डीजीवूडू 2 हे सॉफ्टवेअर वापरावे. माझ्या मते हाच सर्वांत भरवशाचा उपाय आहे.

चित्र आडवे ताणलेले दिसल्यास ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगमध्ये स्केलिंग (चित्र पडद्याएवढे मोठे करण्याची पद्धत) ‘आस्पेक्ट रेशो’वर, म्हणजे रुंदी-उंचीचे प्रमाण राखणाऱ्या पर्यायावर, ठेवावे. 1920 × 1080 च्या मॉनिटरवर 640 × 480 चे चित्र मग 1440 × 1080 एवढे होते आणि दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहतात. त्या राहू द्याव्यात, कारण चित्राचे मूळ प्रमाण त्यांच्यामुळेच टिकते.